ठासणीच्या बंदुकीची माशी

बंदुकीच्या नळीच्या टोकाला एक बारीक उंचवटा असतो. तो निशाणावर टेकवायचा, श्वास रोखायचा आणि चाप ओढायचा. त्या उंचवट्याला आपल्याकडे माशी म्हणतात. हा शब्द मला नागपूरला कॉलेजात असताना एनसीसीच्या रेंजवर मिळाला, आणि पुढे वीसेक वर्षं मला त्याचं काहीच काम पडलं नाही. लग्न झालं, नॉटिंगहॅमला आले, हॉस्पिटलच्या रक्ततपासणीच्या लॅबमध्ये नोकरी लागली, मुलगी झाली. बंदूक मागे राहिली ती राहिलीच.

चाळिशी उलटल्यावर लॅबमधली एक मैत्रीण मला तिच्या शूटिंग क्लबच्या ओपन डेला घेऊन गेली. गावाबाहेर, जुन्या खाणीच्या खळग्यात ती रेंज होती. तिथे एक निवृत्त भूगोलाचे मास्तर ठासणीची बंदूक भरत होते. ठासणीची म्हणजे जिच्यात काडतूस नसतं. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर तेलकट कापडात गुंडाळलेली शिशाची गोळी ठेवायची, ती गजाने तळापर्यंत ठासायची, मागे घोड्याखाली तांब्याची इवलीशी टोपी बसवायची. एवढं केल्यावर एक बार. मग पुन्हा पहिल्यापासून. मास्तरांनी मला एक बार काढू दिला. धूर विरला तेव्हा मी हसत होते, असं मैत्रिणीने नंतर सांगितलं. मला ते आठवत नाही. दुसऱ्या दिवशी अंघोळ करूनही केसांना वास येत होता, तो मात्र आठवतो.

पोलिसांचा परवाना मिळायला वेळ लागला, पण मिळाला. मग मी माझी रायफल घेतली. दीडशे वर्षांपूर्वी स्कॉटलंडमध्ये हरणांच्या शिकारीला ज्या घडणीच्या रायफली नेत, तिची ती हुबेहूब नक्कल होती. अक्रोडाचा दस्ता, नळीवर मागे एक खाच आणि पुढे पितळेच्या मण्याची माशी. त्या बंदुकीने मी कधी जनावर मारलं नाही, इथल्या कायद्यात ते बसवणंही कठीण. आम्ही कागदावर छापलेली हरणं मारायचो. खांद्यामागे, जिथे हृदय असतं, तिथे एक फिकट वर्तुळ असायचं.

आमच्या ह्यांना बंदुकीत काडीचा रस नव्हता. कौन्सिलच्या हाउसिंग खात्यातून निवृत्त झाल्यावर रविवारी घरात एकटं बसवेना म्हणून ते माझ्याबरोबर यायला लागले. सुरुवातीला गाडीत दिवाळी अंक वाचत बसत. मग मास्तरांनी त्यांना तिवईवरच्या दुर्बिणीमागे बसवलं. मी बार काढायचा आणि ह्यांनी दुर्बिणीतून बघून सांगायचं, "आत." किंवा "वर, डावीकडे." चार बार झाले की ते कागदापर्यंत चालत जात, भोकांवर चिकट्या लावून परत येत. माझे गुडघे तेव्हाच कुरकुरायला लागले होते, म्हणून ते काम त्यांचं. वर्षानुवर्षं असं चाललं. घरात आम्ही फारसं बोलत नसू, पण रेंजवर मला त्यांचा "आत" ऐकायला आवडायचं. त्यांनाही म्हणायला आवडत असावं.

पंचावन्न उलटली आणि माशी अस्पष्ट व्हायला लागली. प्रथम वाटलं पितळ काळवंडलंय. घासूनपुसून चकचकीत केलं. तरी ती कडेने विरघळल्यासारखी दिसायची. मास्तर म्हणाले, "सगळ्यांचंच होतं हे. तरुण डोळा खाच, माशी आणि हरीण या तिघांमध्ये इतका भरभर पळतो की तिन्ही एकदमच दिसल्यासारखी वाटतात. म्हाताऱ्या डोळ्याला पळता येत नाही. त्याला एक धरून बाकीचं सोडावं लागतं."

"मग धरायचं काय?"

"माशी. कायम माशी."

मी ऑप्टिशियनकडे गेले. बंदूक घेऊन हाय स्ट्रीटवर जाता येत नाही, म्हणून डोळ्यापासून माशीपर्यंतच्या अंतराची सुतळी कापून नेली. काउंटरवरच्या मुलीला वाटलं माझं शिवणकामाचं काही आहे. डोळे तपासले, वयाच्या मानाने ठीक म्हणाले, आणि सुतळीच्या टोकाला स्वच्छ दिसेल असा चष्मा करून दिला. त्या चष्म्यातून माशी लखलखीत दिसली, हरीण मात्र तपकिरी डाग होऊन बसलं. पण डागाच्या मध्यावर नेम धरता येतो. एक हिवाळा निभावला.

मग मागची खाच पुसट झाली. ती डोळ्याच्या फार जवळ होती. मास्तरांनी ती उचलून नळीवर वीतभर पुढे बसवली, खाचेचं तोंड कानशीने रुंद केलं आणि पितळी माशी काढून जरा मोठी, पांढऱ्या मण्याची लावली. तासन्‌तास ते त्यांच्या शेडमध्ये वाकून काम करत होते आणि मी चहाचे मग आणून देत होते. तो बदल मला मानवला. पुढचा उन्हाळा बरा गेला. मी तेव्हा लॅबमधून निवृत्त झाले आणि मला वाटलं, आता दर रविवारी, शिवाय बुधवारीही.

पण त्यानंतरच्या थंडीत पांढरा मणीही हरवायला लागला. असायचा, आणि नसायचा. मी मान किंचित वळवली की कडेला दिसायचा, सरळ बघितलं की नाही. मला वाटलं, हा उजेडाचा दोष. मग वाटलं, मण्याचा रंग बदलावा. काळा करून बघितला, लाल करून बघितला. एका रविवारी मी इतकी वैतागले की बंदूक पेटीत घालून निम्म्यातच परत निघाले. गाडीत हे म्हणाले, "अगं, दुर्बीणवाली साइट का लावून घेत नाहीस?"

"ठासणीच्या बंदुकीला? क्लबच्या नियमात बसत नाही. आणि ती शोभणारही नाही."

"मग मास्तर म्हणतात ती भोकाची साइट घे. त्या काळात होती की ती."

भोकाची साइट म्हणजे नेम धरायला खाचेऐवजी दस्त्याच्या मानेवर उभी केलेली लहानशी चकती आणि तिला मधोमध बारीक छिद्र. छिद्रातून बघितलं की सगळंच जास्त रेखीव दिसतं, कारण बाहेरचा पसरट उजेड कापला जातो. म्हाताऱ्या डोळ्यांना हा शेवटचा आधार, असं क्लबात सगळे म्हणत. आम्ही कॅटलॉग घेऊन बसलो. छिद्र केवढं हवं, चकती केवढी हवी, खालीवर करायला स्क्रू हवा की सरकती पट्टी, यावर हे माझ्याशी आठवडाभर बोलत राहिले. घरातल्या कुठल्याही गोष्टीवर आम्ही इतकं बोललो नव्हतो. फेब्रुवारीत ती साइट आली आणि मास्तरांनी ती बसवून दिली.

पहिल्या दिवशी मी छिद्रातून बघितलं. सगळीकडे तपकिरी करडं काहीतरी, मधे मणी नाही. डोळा जरा सरकवल्यावर कडेला मणी आला. मी मनात म्हटलं, नवीन साइट आहे, हिची सवय करायला हवी. मणी असा कडेला धरून मी चाप ओढला. धूर गेला. मी वळून बघितलं.

"आत," हे म्हणाले.

दुसरा बार. "आत. जरा उजवीकडे, पण आत."

तो माझा सगळ्यात सुखाचा उन्हाळा होता. मी रेंजवर जात होते आणि माझ्या गोळ्या हरणाच्या काळजात बसत होत्या. क्लबातल्या माझ्या वयाच्या माणसांना मी सांगत फिरत होते, वेळ घालवू नका, चष्म्याच्या नादी लागू नका, सरळ भोकाची साइट लावा. दोघांनी माझं ऐकून लावलीही. घरी मी स्वयंपाक करताना गुणगुणायला लागले होते, असं मुलगी मँचेस्टरहून आली तेव्हा म्हणाली. हे टेबलाशी पेपर वाचत होते. त्यांनी मान वर केली नाही.

सप्टेंबरच्या शेवटी क्लबची वर्षातली शिकारी रायफलींची स्पर्धा असायची. स्पर्धेत नवऱ्याला किंवा बायकोला निकाल बघता येत नाही. माझं हरीण बघायला दुर्बिणीवर मास्तर बसले. मी नेहमीसारखी बंदूक भरली, मणी कडेला धरला, बार काढला.

मास्तर दुर्बिणीचं चाक फिरवत राहिले. मी दुसरा काढला. मग तिसरा.

"काय झालं?" मी विचारलं.

"थांब जरा," ते म्हणाले. "साइट ढिली झालीय का बघू."

साइट ढिली नव्हती. ते माझ्या जागी बसले, माझीच बंदूक भरली आणि हरणावर तीन बार काढले. तिन्ही भोकं तळहाताखाली झाकली गेली असती. मग त्यांनी मला कागदापर्यंत नेलं. माझी एक गोळी कागदाच्या कोपऱ्याला चाटून गेली होती. बाकीच्या दोन मागच्या मातीच्या बांधात कुठेतरी.

"उन्हाळाभर तर आत जात होत्या," मी म्हटलं.

मास्तरांनी ह्यांच्याकडे बघितलं. हे दूर दोरीपलीकडे उभे होते, हात कोटाच्या खिशात. मास्तरांनी मला परत जागेवर आणलं आणि म्हणाले, "बंदूक राहू दे. नुसता डावा डोळा झाक आणि हरणाकडे बघ. काय दिसतं?"

मी डावा डोळा झाकला. गवत दिसलं, बांध दिसला, लाकडी चौकट दिसली. चौकटीत हरणाचे पाय दिसले, आणि पायांच्या वर कागदाच्याच रंगाचं काहीतरी धुरकट. त्यात हरीण नव्हतं. मी मास्तरांच्या चेहऱ्याकडे बघितलं. त्यांना कान होते, टोपी होती. मधे चेहरा नव्हता.

दोन्ही डोळे उघडे असले की डावा डोळा उजव्याचं सगळं भरून काढायचा. पेपर वाचता यायचा, गाडी चालवता यायची, सुईत दोरा ओवता यायचा. आख्ख्या आयुष्यात मी उजवा डोळा एकटा वापरत होते तो फक्त बंदुकीमागे. आणि तिथे मला सांगणारं माणूस एकच होतं.

परतीच्या रस्त्यावर गाडी हे चालवत होते. मग मी विचारलं, "कधीपासून?"

"नवी साइट लावली त्या दिवसापासून."

"पहिला बार?"

"कागदालाही लागला नव्हता," ते म्हणाले. "तू वळून बघितलंस. तुझा चेहरा बघून तोंडातून 'आत' निघून गेलं. वाटलं, एक-दोन रविवारात बसेल तुझा हात. मग सांगावं कसं ते कळेना."

"आणि चिकट्या कशावर लावत होतात इतके महिने?"

त्यांनी गिअर बदलला. ते तिथे जाऊन, माझ्याकडे पाठ करून, काही नसलेल्या जागी चिकट्या लावत उभे राहत असणार. तेवढ्यासाठी प्रत्येक वेळी शंभर यार्ड चालत जात होते.

मला राग यायला हवा होता. तोही आला, पण नंतर. गाडीत मला एवढंच कळत होतं की तो उन्हाळा झालाच नव्हता. माझ्या आयुष्यातला तेवढा तुकडा कुणीतरी मला आवडेल असा रचून दिला होता, आणि मी त्यात राहून आले होते. लोकांना शहाणपण शिकवून आले होते. क्लबात किती जणांना माहीत होतं, हे मी ह्यांना विचारलं नाही. मास्तरांनी त्यांच्याकडे कसं बघितलं ते मला आठवत होतं.

डोळ्यांच्या हॉस्पिटलात एका कार्डावर चौकटीच्या रेघा होत्या. उजव्या डोळ्याने बघायला सांगितलं. मधल्या चौकटी नव्हत्याच, आणि त्यांच्या आसपासच्या रेघा पाण्यात बुडाल्यासारख्या वाकल्या होत्या. मी लॅबमध्ये आयुष्यभर सूक्ष्मदर्शकाखाली अशाच आखलेल्या चौकटींमध्ये पेशी मोजल्या होत्या. डॉक्टर तरुण होते, हळू आवाजात बोलत होते. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजतोय. याचे दोन प्रकार असतात. एकावर इंजेक्शनं निघायला लागली आहेत. माझा दुसरा, कोरडा प्रकार. त्याच्यावर काही नाही. डाव्या डोळ्यातही खुणा आहेत, तो किती वर्षं टिकेल हे सांगता येणार नाही.

हे माझ्या शेजारी खुर्चीत बसले होते. त्यांनी विचारलं, "सहा महिने आधी आलो असतो तर?"

"काही फरक पडला नसता," डॉक्टर म्हणाले.

ह्यांनी श्वास सोडला. मला तो ऐकू आला. त्या क्षणी मला त्यांचा जितका राग आला तितका आधी कधी आला नव्हता. माझा डोळा गेला होता आणि ते सुटले होते. मी पर्स उचलली आणि बसस्टॉपपर्यंत त्यांच्या पुढे चालत गेले.

मुलीचा फोन आला. तिचं मराठी इथलं आहे, लिंगं तिची ऐनवेळी घसरतात. "आई, दुसरी डोळा अजून चांगली आहे ना? मग तिने शूट कर. डावी साइडने."

तिने सहज म्हटलं, पण मी ते धरलं. माणूस बुडताना काय धरतो याला काही हिशेब नसतो. हिवाळाभर मी डाव्या खांद्यावर बंदूक घ्यायला शिकले. घोडा आणि टोपी उजवीकडे, त्यामुळे ठिणगी गालाजवळून उडायची. भोकाची साइट मास्तरांनी काढून टाकली, खाच परत वीतभर पुढच्याच जागी बसवून तिचं तोंड आणखी रुंद केलं. आता पुन्हा पहिल्यापासून निवड सुरू झाली. बारीक माशी की जाड. पांढरी की पितळी. चष्मा किती नंबरचा. मास्तर न कंटाळता बसवत होते, काढत होते. मला तर वाटतं, बंदुकीत दुरुस्त करण्यासारखं काही नाही हे त्यांनाही माहीत होतं.

हे दुर्बिणीमागे बसत होते. आता खरं सांगत होते.

"खाली."

"बाहेर."

"कागदावर नाही."

एका रविवारी त्यांनी ओळीने चार वेळा "नाही" म्हटलं. पाचव्या वेळी मी बंदूक भरली आणि तशीच धरून बसले. त्यांना त्या खुर्चीत मी बसवलं होतं, खरं सांगा असं मीच बजावलं होतं, आणि मला आतून वाटत होतं, या माणसाने एकदा तरी "आत" म्हणावं. मी तो बार काढला. त्यांनी दुर्बिणीवर पुन्हा डोळा टेकवला. मग म्हणाले, "नाही." मी वळून बघितलं नाही.

वसंतात डॉक्टरांनी सांगितलं की डाव्या डोळ्यातही मधे झीज दिसते आहे. गाडी चालवणं बंद करावं लागलं. बंदुकीचा परवाना नूतनीकरणाला आला होता, तो मी जाऊ दिला. रायफल विकायची व्यवस्था मास्तरांनी केली. यॉर्कशरकडचा एक माणूस ती बघायला क्लबात आला. चाळिशीचा असेल. त्याने नळी न्याहाळली, घोडा मागे ओढून बघितला, माशीवरून बोट फिरवलं. "नेमाला सरळ आहे का?" त्याने मला विचारलं.

"आहे," मी म्हटलं. "तिच्यात काही दोष नाही."

तो म्हणाला, खाच इतकी रुंद त्याला नको, तो कारखान्यातली मूळची बसवून घेईल. मास्तर बरं म्हणाले. चार-पाच वर्षांत मास्तरांनी आणि मी त्या नळीवर जे काही बसवलं आणि काढलं होतं, त्यातलं एकही त्याला नको होतं. त्याचा डोळा चांगला होता.

पुढे दोन-तीन महिने आम्ही तरीही जात राहिलो. रविवारी दुसरं काय करायचं हे दोघांनाही माहीत नव्हतं. मी कानांवर मफ लावून मागच्या बाकावर बसायचे. धुराचा वास यायचा. माणसं माझ्याशी जरा जास्तच हळू बोलायची आणि लवकर निघून जायची. हे माझ्या शेजारी बसत, कधी कुणी बोलावलं तर दुर्बिणीमागे जात.

एकदा मास्तरांनी बार काढला तेव्हा हे दुर्बिणीपाशी होते. मला धूर दिसला, पुढचं काही दिसलं नाही. सवयीने मी विचारलं, "कुठे लागली?"

त्यांनी दुर्बिणीवरून डोळा काढला. "माझं लक्ष नव्हतं," म्हणाले.

लक्ष होतं की नव्हतं, मला कळायला मार्ग नव्हता. पुढच्या वर्षी आम्ही मेंबरशिप भरली नाही. रविवारी आता आम्ही घरीच असतो. ते पेपर मोठ्याने वाचतात. मी ऐकते. त्यांनी मधेच एखादं पान उलटलं की वाटतं, यातलं काय गाळलं असेल. विचारत नाही.